घरासाठी स्वस्तातला टॅबलेट: खोक्यावरचे आकडे आणि तिसरं वर्ष

प्रश्न थोडक्यात असा: घरातल्या सगळ्यांनी मिळून वापरायला एक टॅबलेट घ्यायचा आहे. आजी-आजोबांचे व्हिडिओ कॉल, मुलांचा अभ्यास, बातम्या वाचणं आणि रात्री एखादा सिनेमा, एवढंच काम. बजेट बेताचं. समोर दोन पर्याय आहेत. पहिला फारसं नाव न ऐकलेल्या ब्रँडचा, १०.१ इंची, खोक्यावर '८ जीबी रॅम, १२८ जीबी स्टोरेज, ऑक्टाकोअर' असं लिहिलेला. दुसरा माहितीतल्या कंपनीचा, ४ जीबी रॅम आणि ६४ जीबी स्टोरेजचा, आणि तरीही थोडा महागच. आकड्यांत पहिला दुप्पट दिसतो, मग जास्त पैसे देऊन कमी का घ्यायचं?

माझं मत आधीच सांगतो: दुसरा घ्या, फक्त ते मॉडेल बाजारात कोणत्या वर्षी आलं ते बघून घ्या. आता कारणं. मी दुरुस्तीच्या टेबलावर बसतो, त्यामुळे टॅबलेट माझ्यापर्यंत पोहोचतो तो घेतल्यावर दीड-दोन वर्षांनी. पहिल्या आठवड्यात जवळपास सगळेच टॅबलेट छान चालतात. स्वस्त टॅबलेटचा कस लागतो दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी, आणि तेव्हा तो कसा चालेल हे ज्या गोष्टींवर ठरतं त्या खोक्यावर मोठ्या अक्षरात छापलेल्या नसतात.

सगळ्यात जास्त येणारी तक्रार घ्या. "फार स्लो झालाय, व्हायरस शिरलाय बहुतेक." मी टॅबलेट हातात घेतो आणि सर्चच्या चौकटीवर बोट ठेवतो. कीबोर्ड वर यायलाच दोन सेकंद जातात. चार अक्षरं टाइप केली तर आधी एकही दिसत नाही, मग चारही एकदम उमटतात. स्टोरेज उघडून पाहिलं की ३२ जीबीपैकी जेमतेम ४०० एमबी रिकामी. बराचसा भाग सिस्टिमनेच घेतलेला, उरलेल्यात नातेवाइकांच्या ग्रुपवर आलेले व्हिडिओ आणि दर महिन्याला फुगत जाणारी अ‍ॅप्स. व्हायरस कुठेच नसतो.

जागा भरली की टॅबलेट मंद का होतो, हे एकदा समजून घेतलंत तर खरेदीचे निम्मे निर्णय सोपे होतील. टॅबलेटमधल्या मेमरी चिपवर पाटीसारखं एक अक्षर पुसून त्याच जागी दुसरं लिहिता येत नाही. तिच्यात मोठे मोठे कप्पे असतात आणि पुसायचं तर अख्खा कप्पा पुसावा लागतो. त्या कप्प्यात काही कामाचं असेल तर ते आधी उचलून दुसऱ्या रिकाम्या कप्प्यात ठेवावं लागतं. रिकामे कप्पे भरपूर असतील तोवर हे सगळं मागच्या मागे होऊन जातं. गच्च भरलेल्या कपाटात मात्र एक घडी ठेवायची तर आधी चार घड्या काढाव्या लागतात. तुम्ही एक अक्षर टाइप करता आणि आत तेवढा वेळ ही काढघाल चाललेली असते.

म्हणून ३२ जीबीचा टॅबलेट आज कितीही स्वस्त मिळाला तरी घेऊ नका. ६४ ही किमान मर्यादा धरा, १२८ मिळत असेल तर उत्तम, आणि त्यातली पाचवा हिस्सा जागा कायम रिकामी ठेवायची सवय लावा. मेमरी कार्डाची सोय असेल तर फोटो आणि डाउनलोड केलेले व्हिडिओ खुशाल कार्डावर टाका. पण कार्डामुळे ३२ चा ६४ होत नाही, कारण अ‍ॅप्स आणि सिस्टिम आतल्या चिपवरच राहतात आणि दम तिचाच संपतो.

स्टोरेज किती आहे याइतकंच ते कोणत्या जातीचं आहे हेही पाहा. स्वस्त टॅबलेटमध्ये बहुतेक वेळा ईएमएमसी असतं, थोड्या बऱ्या टॅबलेटमध्ये यूएफएस. ईएमएमसी म्हणजे एकपदरी पूल: एका वेळी एक तर वाचणं, नाहीतर लिहिणं. यूएफएसवर दोन्ही एकाच वेळी चालतं. ईएमएमसी ५.१ ची कागदावरची कमाल मर्यादा सेकंदाला ४०० एमबी आहे, तर यूएफएस २.१ आणि २.२ ची साधारण १,२०० एमबी. प्रत्यक्षात दोन्ही आकडे खाली येतात, पण फरक हाताला जाणवतो. मागे अ‍ॅप्स अपडेट होत असताना ईएमएमसीवाला टॅबलेट अडखळतो, यूएफएसवाला चालत राहतो. किमतीत थोडाच फरक असेल आणि यूएफएस मिळत असेल तर ते पैसे सत्कारणी लागले समजा. खोक्यावर याचा उल्लेख सहसा नसतो, कंपनीच्या संकेतस्थळावरच्या तपशिलात किंवा सविस्तर परीक्षणांत शोधावं लागतं.

आता तुमच्या पहिल्या पर्यायातली '८ जीबी रॅम'. खोक्याची बाजू नीट वाचा, कुठेतरी बारीक अक्षरात '४+४' लिहिलेलं सापडण्याची दाट शक्यता आहे. त्यातली पहिली ४ जीबी खरी रॅम, म्हणजे चालू असलेली अ‍ॅप्स ज्यात राहतात ती वेगवान तात्पुरती मेमरी. दुसरी ४ म्हणजे स्टोरेजचाच एक तुकडा रॅमसारखा वापरायला काढून ठेवलेला. रॅम आणि ईएमएमसी यांच्या वेगात जमीन-अस्मानाचा फरक असतो, त्यामुळे या उसन्या रॅमने टॅबलेट वेगवान होत नाही, उलट मघाशी सांगितलेल्या मंद चिपवर लिहिण्याचं काम वाढतं. ही सोय असण्यात गैर काही नाही. पण '४+४' ला ८ समजून तुलना करणं चूक आहे, आणि खोकं तशाच बेताने छापलेलं असतं याचा मला मनापासून राग येतो, कारण फसतात ती पै पै जमवून घेणारी माणसं. तुमच्या दोन्ही पर्यायांत खरी रॅम बहुधा सारखीच निघेल. घरच्या वापराला ४ जीबी खरी रॅम पुरते. ३ जीबीवर ब्राउझरमधून व्हिडिओत आणि परत ब्राउझरमध्ये आलात की पान पहिल्यापासून लोड होताना दिसतं. २ जीबीचा टॅबलेट फुकट मिळाला तरच घ्या.

'ऑक्टाकोअर' हा शब्दही असाच. कोअर म्हणजे प्रोसेसरमधला प्रत्यक्ष काम करणारा भाग. आठ कोअर आहेत एवढं कळून काही कळत नाही, कोणते आठ ते पाहावं लागतं. आठही कोअर जर कॉर्टेक्स-ए५३ जातीचे असतील, तर ती रचना २०१२ मध्ये जाहीर झालेली आहे आणि आजची वेबपानं तिला जड जातात. दोन किंवा चार कोअर तरी दमदार हवेत. युनिसॉक टी६०६ या प्रोसेसर चिपमध्ये दोन ए७५ आणि सहा ए५५ आहेत, मीडियाटेक हेलिओ जी९९ मध्ये दोन ए७६ आणि सहा ए५५. अ‍ॅप उघडणं, पान सरकवणं ही कामं ते दोन मोठे कोअर करतात, बाकीचे सहा बॅटरी वाचवतात. घरासाठी टी६०६ चालून जातो, जी९९ मिळाला तर तीन-चार वर्षं चिंता नाही. स्नॅपड्रॅगन ६८० या दोघांच्या मधे कुठेतरी बसतो. चिपचं नावच लिहिलेलं नसेल आणि नुसतं 'ऑक्टाकोअर' असेल, तर ते नाव सांगण्यासारखं नाही असं मी धरून चालतो.

पडद्याकडे वळतो, कारण रोज नजर तिथेच जाणार आहे आणि नंतर बदलणं परवडणार नाही. स्वस्त १०.१ इंची टॅबलेटमध्ये १२८० बाय ८०० पिक्सेलचा पडदा फार दिसतो. तो इंचाला साधारण १४९ पिक्सेल भरतो. सिनेमा चालून जातो, पण बातमीचा बारीक मजकूर वाचताना, विशेषतः देवनागरीतली जोडाक्षरं आणि वेलांट्या, कडा भुरकट दिसतात. त्याच आकारात १९२० बाय १२०० चा पडदा इंचाला २२४ पिक्सेल देतो आणि अक्षर नीट बसतं. घरात वाचणारं माणूस असेल, त्यातून वय झालेलं, तर मी प्रोसेसरमध्ये एक पायरी खाली यायला सांगेन, पण १९२० बाय १२०० सोडू नका म्हणेन. १२८० बाय ८०० घ्यायचाच असेल तर ८ इंचात घ्या, तिथे तेच पिक्सेल १८९ च्या घनतेने बसतात. ८ इंची टॅबलेट हातात धरायलाही हलका, साधारण ३३० ग्रॅम. ११ इंची ५०० ग्रॅमच्या आसपास जातो आणि पडून वाचताना ते वजन मनगटाला कळतं.

दुकानात दोन टॅबलेट शेजारी ठेवता आले तर एक गोष्ट करून पाहा. काचेवर नखाने हलकेच टकटक करा. काही टॅबलेटवर आवाज पोकळ येतो आणि तिरकं पाहिलं की चित्र काचेच्या खाली, किंचित खोल बसलेलं दिसतं. याचा अर्थ वरची टच ग्लास आणि खालचा डिस्प्ले वेगवेगळे आहेत, मधे हवेची फट आहे. दुसऱ्या प्रकारात दोन्ही एकत्र चिकटवलेले असतात, चित्र थेट काचेवर छापल्यासारखं दिसतं आणि उजेडात चकाकीही कमी. पाहायला दुसरा प्रकार सरस. पण टेबलाच्या माझ्या बाजूने बघाल तर गोष्ट उलटी आहे. फट असलेल्या टॅबलेटची काच फुटली तर नुसती टच ग्लास बदलून भागतं. चिकटवलेल्यात अख्खा कॉम्बो बदलावा लागतो आणि स्वस्त टॅबलेटच्या बाबतीत तो खर्च ऐकून लोक टॅबलेट तसाच परत घेऊन जातात. लहान मुलं हाताळणार असतील तर फटीचा पडदा हा दोष मानू नका.

पडदा आयपीएस आहे ना हेही त्याच वेळी बघा. टॅबलेट चारही बाजूंनी तिरका करून पाहिला आणि कुठल्याही कोनातून रंग उलटेपालटे किंवा काळपट झाले नाहीत, म्हणजे झालं.

आता ज्या वर्षाची अट मी सुरुवातीला घातली ते. अपडेटची मुदत तुम्ही टॅबलेट विकत घेतलात त्या दिवसापासून मोजली जात नाही, ते मॉडेल बाजारात आलं त्या दिवसापासून मोजली जाते. तीन वर्षांपूर्वी आलेलं मॉडेल आज सवलतीत मिळत असेल आणि कंपनीने चार वर्षांच्या सुरक्षा अपडेटचं आश्वासन दिलेलं असेल, तर तुमच्या वाट्याला एकच वर्ष उरलं. नवी अँड्रॉइड आवृत्ती आली नाही तर घरच्या वापरात फारसं अडत नाही. सुरक्षा अपडेट थांबले की मात्र धोका दर महिन्याला वाढत जातो, आणि काही वर्षांनी अ‍ॅप्सच 'तुमची आवृत्ती जुनी आहे' म्हणू लागतात. नाव नसलेल्या ब्रँडच्या टॅबलेटवर मी पुष्कळदा पाहिलंय की सेटिंग्जमधली सुरक्षा पॅचची तारीख कारखान्यातून निघाली तेव्हाचीच असते. एकदाही हललेली नसते.

त्याला जोडूनच दुसरी खूण. टॅबलेट सुरू करून प्ले स्टोअर उघडा, वर आपल्या चित्रावर टिचकी मारा, सेटिंग्जमध्ये जाऊन 'अबाउट' पाहा. तिथे डिव्हाइस गूगलकडून प्रमाणित आहे की नाही ते लिहिलेलं असतं. प्रमाणित नसेल तर पैशांच्या व्यवहाराची अ‍ॅप्स अडून बसू शकतात. अ‍ॅमेझॉनच्या फायर टॅबलेटवर तर मुळात प्ले स्टोअरच नसतं, त्यांचं वेगळं अ‍ॅपस्टोअर असतं. फक्त वाचणं आणि व्हिडिओ एवढंच करायचं असेल तर हरकत नाही, पण तुमच्या घरी मुलांच्या शाळेची अ‍ॅप्स लागणार असतील तर ती तिथे मिळतात का हे आधीच बघून घ्या.

सिनेमासाठी एक शब्द लक्षात ठेवा: वाइडव्हाइन. ही व्हिडिओचं कुलूप उघडणारी व्यवस्था आहे आणि तिची एल१ पातळी असेल तरच बऱ्याच सेवा एचडी चित्र देतात. एल३ असलेल्या टॅबलेटवर नेटफ्लिक्स ४८० पी च्या वर जात नाही, मग पडदा कितीही चांगला असो. लोक माझ्याकडे 'डिस्प्ले खराब आहे' म्हणून टॅबलेट आणतात, मी फोटो उघडून दाखवतो, फोटो स्वच्छ. दोष पडद्यात नसतो, परवानगीत असतो, आणि त्यावर माझ्याकडे कुठलीही दुरुस्ती नाही. नेटफ्लिक्स अ‍ॅपच्या सेटिंग्जमध्ये 'प्लेबॅक स्पेसिफिकेशन' नावाचं पान आहे, तिथे पातळी आणि जास्तीत जास्त किती रिझोल्यूशन मिळेल ते दोन्ही लिहिलेलं असतं.

बॅटरीच्या क्षमतेचे आकडे खोक्यावर एमएएच (मिलिअँपिअर-अवर) या एककात असतात. १० ते ११ इंची टॅबलेटला ७,००० च्या आसपास असली की दिवसभराचा घरगुती वापर निघतो. त्यापेक्षा चार्जिंगकडे बघा. ७,००० एमएएच म्हणजे जवळपास २७ वॉट-अवर ऊर्जा, १० वॉटच्या चार्जरवर साडेतीन तास सहज लागतात. घरात पडलेला ५ वॉटचा जुना चार्जर लावलात तर सहा तासही पुरणार नाहीत आणि लावून ठेवून सिनेमा पाहिलात तर बॅटरी जागच्या जागी राहील. टॅबलेट सतत चार्जिंगला लावून ठेवणं हा घरच्या टॅबलेटचा सगळ्यात मोठा शत्रू आहे. कालांतराने आतली बॅटरी फुगून पाठ किंचित फुगू शकते, मग पडद्याची एक कड उचलली जाते. तसं दिसलं तर दाबून बसवायला जाऊ नका, चार्जिंग लगेच बंद करा आणि बॅटरी बदलून घ्या. काही टॅबलेटच्या सेटिंग्जमध्ये चार्जिंग ८० ते ८५ टक्क्यांवर थांबवायची सोय असते, ती पहिल्याच दिवशी चालू करून टाका.

आणि चार्जिंगचा पोर्ट. टॅबलेटच्या दुरुस्त्यांत याचा नंबर वरचा, कारण मुलं वायर लावलेली असतानाच टॅबलेट ओढतात. टाइप-सी च घ्या, जुन्या मायक्रो यूएसबीचं मॉडेल घेऊ नका. माहितीतल्या कंपनीच्या मॉडेलचं चार्जिंग बोर्ड, बॅटरी, टच ग्लास हे सुटे भाग वर्षानुवर्षं मिळत राहतात. नाव नसलेल्या टॅबलेटमधली भाग जोडणारी फित चार मिलिमीटर लांब की आखूड हेही दर खेपेला बदललेलं असतं. एकाच नावाचे, एकाच रंगाचे दोन टॅबलेट माझ्या टेबलावर एकाच दिवशी उघडे होते आणि एकाचा पोर्ट दुसऱ्याला बसत नव्हता. तुमच्या पहिल्या पर्यायाला मी नाही म्हणतो त्याचं निम्मं कारण हे आहे.

बाकीच्या गोष्टी भरभर. आजी-आजोबांच्या कॉलसाठी पुढचा कॅमेरा लांब कडेच्या मध्यावर असेल तर टॅबलेट आडवा उभा करून बोलताना नजर सरळ दिसते. छोट्या कडेवर असेल तर बोलणारा कायम बाजूला बघतोय असं वाटतं. मागचा कॅमेरा किती मेगापिक्सेल याकडे बघूही नका. स्पीकर दोन्ही बाजूंना हवेत, एकच असेल तर आडवा धरताना तो तळव्याखाली झाकला जातो. घरात वाय-फाय असेल तर सिमकार्डाच्या मॉडेलवर जादा पैसे घालवू नका. फक्त एवढं की वाय-फायवाल्या आयपॅडमध्ये जीपीएस नसतं आणि बऱ्याच स्वस्त टॅबलेटचंही तेच, त्यामुळे गाडीत नकाशासाठी वापरायचा विचार असेल तर आधी विचारून घ्या.

तुम्ही न विचारलेला तिसरा पर्याय सांगतो, कारण मी स्वतःच्या माणसांना अनेकदा तोच सुचवतो: चांगल्या अवस्थेतला जुना आयपॅड, वॉरंटीसह नूतनीकरण केलेला. अ‍ॅपल जुन्या मॉडेलना फार काळ सांभाळते. २०१७ च्या पाचव्या पिढीच्या आयपॅडला आयपॅडओएस (आयपॅडची ऑपरेटिंग सिस्टिम) १६ पर्यंत, २०१९ च्या सातव्या पिढीला १८ पर्यंत मजल मिळाली. २०२१ चा नवव्या पिढीचा आयपॅड आयपॅडओएस २६ चालवतो (१८ नंतरची आवृत्ती, मधले आकडे अ‍ॅपलने वगळले), पडदा इंचाला २६४ पिक्सेलचा आहे, हेडफोनची पिन बसते आणि काच फुटलीच तर टच ग्लास वेगळी बदलता येते. उणे बाजूला, त्याचा पोर्ट जुना लायटनिंग आहे, मूळ मॉडेल ६४ जीबीचं आहे आणि कार्ड बसत नाही. शिवाय घरच्या आयपॅडवर प्रत्येकाचं वेगळं खातं करता येत नाही, आजोबांचे मेसेज आणि नातवाचे खेळ एकाच पडद्यावर राहतात. अँड्रॉइड टॅबलेटवर अनेक वापरकर्ते जोडता येतात आणि एकत्र वापराच्या घराला ही सोय फार मोलाची आहे. जुना घेताना विकणाऱ्याने त्याचं खातं तुमच्यासमोर साइन आउट केलेलं असलं पाहिजे, रीसेट करून पुन्हा सुरू करून दाखवलेलं असलं पाहिजे. मागच्या मालकाच्या खात्यात अडकलेला टॅबलेट माझ्याकडे आला तर मी तो उघडून देऊ शकत नाही.

तुमच्या दुसऱ्या पर्यायाचं मॉडेल गेल्या दीड वर्षातलं असेल, पडदा १९२० बाय १२०० असेल आणि प्ले स्टोअरचं प्रमाणपत्र व्यवस्थित दिसत असेल, तर निर्धास्त घ्या. घरी आणल्यावर पहिल्या संध्याकाळी खोकं फेकू नका. लागणारी सगळी अ‍ॅप्स एकदम डाउनलोडला लावा आणि ती उतरत असतानाच वाय-फायवर व्हिडिओ चालवा, सर्चमध्ये भराभर टाइप करा, वीस मिनिटांचा व्हिडिओ कॉल करा. नंतर पडद्यावर एखादं चित्र काढायचं अ‍ॅप उघडून एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्यात बोटाने सावकाश तिरकी रेघ ओढा. ती मधे तुटली किंवा पायऱ्यापायऱ्यांची निघाली तर टच कमजोर आहे. या सगळ्यात तो अडखळला तर परत करण्याची मुदत संपायच्या आत परत करा, 'वापरून वापरून सुधारेल' असं कोणी म्हणालं तरी थांबू नका. नवा, रिकामा टॅबलेट जितका वेगवान असतो तितका तो पुन्हा कधीच नसतो.